शॉकअपचं तेल गळतंय?
मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओघळ दिसला, की ऑईल सील गेलं समजा. हे तेल ब्रेकवर उतरलं, तर गाडी वेळेवर थांबत नाही.

इंजिनखाली पक्का ठोकळा देऊन चाक काढू. तळचा बोल्ट आधीच सैल करू. स्प्रिंग काढल्यावर तो नुसताच फिरतो. टोपण उघडताना तोंड बाजूला, स्प्रिंग दाबलेली असते. तेल डब्यात ओतू, दांडी ओढून काढू. क्लिप काढून, कडेला कापड धरून सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटू.

दांडीवर गंज असेल तर नवं सीलही गळेल. दांडी परत घालून तळचा बोल्ट आवळू. नवं सील तेल लावून वरून सरकवू, त्यावर जुनं ठेवून पीव्हीसी पाईपने हलके ठोकू. क्लिप लावू. नवं तेल पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच, दोन्हीकडे सारखं. ब्रेक दाबून बघू, मगच रस्त्यावर.