नंबर जुळले म्हणजे गाडी खरी?

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या सौद्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मॅचिंग नंबर आहे, डोळे झाकून घ्या." म्हणजे फ्रेमवरचा आणि इंजिनावरचा आकडा एकच. हे ऐकून घेणारा खूश होतो आणि विकणारा किंमत वाढवतो. पण कित्येक ब्रिटिश गाड्यांचे हे दोन आकडे कारखान्यातून बाहेर पडतानाच वेगळे होते. अशा गाडीवर ते आज सारखे दिसले, तर खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी.

बर्मिंगहॅमच्या बीएसएचंच घ्या. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बीएसएच्या बहुतेक गाड्यांवर फ्रेमची मालिका वेगळी आणि इंजिनाची वेगळी असे. त्यांच्या गोल्ड स्टारवर तर अक्षरंसुद्धा जुळत नाहीत. पाचशे सीसीच्या इंजिनावर 'डीबीडी३४जीएस' आणि खाली फ्रेमवर 'सीबी३२'. बत्तीस हा साडेतीनशे सीसीचा आकडा, म्हणून "फ्रेम दुसऱ्या गाडीची टाकलीय" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. वस्तुस्थिती अशी की साडेतीनशे आणि पाचशे दोन्हींना तीच फ्रेम होती, त्यामुळे हा जोड अगदी बरोबर आहे.

विन्सेंटची गंमत याहून भारी. स्टीव्हनेजच्या या कारखान्याच्या हजार सीसीच्या बी आणि सी मालिकेतल्या गाड्यांवर फ्रेमचा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा बरोबर १९००ने जास्त असतो. इंजिनावर शेवटी ३००० असेल, तर फ्रेमवर ४९०० हवा. शिवाय फ्रेमचे वरचा आणि मागचा असे दोन सुटे भाग, आणि दोन्हींवर तोच आकडा पंच केलेला. म्हणून जाणकार माणूस आधी सीट आणि टाकीखाली वाकून हे दोन आकडे पाहतो, मग त्यातून इंजिनाचा आकडा वजा करतो. हिशेब बसला तर गाडी मूळची, आणि फ्रेमवर व इंजिनावर एकच आकडा असेल तर कुणीतरी हातोडा चालवलाय.

ट्रायम्फच्या एकसंध इंजिन-गिअरबॉक्सच्या ट्विन गाड्यांवर मात्र दोन्ही नंबर सारखेच असतात. तिथे 'मॅचिंग' या शब्दाला अर्थ आहे. तरीही आकडा जुळला एवढ्यावर थांबू नये. १९६९च्या सुमारापासून ट्रायम्फने इंजिनावर नंबराच्या जागी कंपनीच्या नावाची बारीक उठावदार नक्षी ओतायला सुरुवात केली. नंबर घासून नवा ठोकला की नक्षीही जाते. ती जागा आरशासारखी गुळगुळीत दिसली, तर आकडा काय म्हणतो याला फारशी किंमत उरत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. क्रँककेस फुटली की डीलर कोरी क्रँककेस मागवून तिच्यावर जुना नंबर ठोकत असे. हे काम उघडपणे चाले. तेव्हा पंच वेगळा दिसला की लगेच "चोरीची" म्हणून मोकळं होऊ नये.

सालाबद्दलचा घोळ तर रोजचाच. १९६९च्या मॉडेलपासून बीएसए आणि ट्रायम्फच्या नंबरापुढे दोन अक्षरं येऊ लागली. पहिलं महिन्याचं, दुसरं मॉडेलच्या हंगामाचं. ए म्हणजे जानेवारी, पण पुढे एफ, आय, एल, एम, ओ ही अक्षरं गाळलेली, म्हणून एन म्हणजे ऑक्टोबर आणि एक्स म्हणजे डिसेंबर. हंगाम मात्र आदल्या उन्हाळ्यानंतर सुरू व्हायचा. त्यामुळे 'एनसी' अक्षरांची गाडी १९६९चं मॉडेल असली, तरी ती बनली ऑक्टोबर १९६८मध्ये. मालक ६९ सांगतो, कागद ६८ सांगतो, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

नोंदणीचं साल हेच जन्मसाल, हा समज युद्धकाळातल्या गाड्यांनी पार मोडीत काढला आहे. लष्करासाठी बीएसएने एम२० मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनवल्या. लष्करात असताना त्यांच्या टाकीवर सी अक्षराने सुरू होणारा लष्करी क्रमांक रंगवलेला असे, नागरी नंबर नव्हताच. युद्धानंतर सैन्याने त्या विकून टाकल्या, तेव्हा कुठे त्यांना पहिला नंबर मिळाला. म्हणून ४२ साली बनलेली गाडी कागदावर ४७ची निघते. लष्करी वर्कशॉपमध्ये चार गाड्यांचे भाग काढून एक उभी करण्याची पद्धत होती, त्यामुळे अशा गाडीचे नंबर कशाशीच जुळले नाहीत तर नवल नाही.

मग "इंग्लंडला नंबर कळवला की सगळा इतिहास मिळतो" ही आशा. ब्रिटनमध्ये नोंदणी १ जानेवारी १९०४पासून सुरू झाली, पण ती कौंटी कौन्सिलकडे विखुरलेली होती. १९७४पासून हे काम स्वान्सीच्या केंद्रीय कार्यालयाकडे गेलं. जुने नंबर तिथल्या संगणकावर चढवण्याची शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर १९८३. जे राहिले ते राहिले. कौन्सिलची रजिस्टरं काही जिल्हा अभिलेखागारांत टिकली, बरीच नष्ट झाली. फ्रेमशी जुना नंबर जोडणारा पुरावा आणि मान्यताप्राप्त क्लबची शिफारस असेल तर तो नंबर परत मिळतो, पण मग तो दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. पुरावा नसेल तर वयानुसार एखादा न वापरलेला जुना नंबर देतात. म्हणून 'एसव्ही' पाटी दिसली की गाडी स्कॉटलंडच्या किनरॉसची, असं समजू नये. बहुतेक वेळा ती मूळ नंबर हरवलेली गाडी असते.

जुनं बफ रंगाचं लॉगबुक हाती लागलं तरी पहिलं नाव पहिल्या मालकाचंच असेल असं नाही. पानं भरली की पुढचं पुस्तक मिळायचं आणि आधीचं जमा करावं लागायचं. आजच्या ब्रिटिश नोंदणीपत्रावर तर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. आपल्याकडे अनेकांना हे पटत नाही.

आता मुंबईचं. थेट कारखान्यातून जहाजाने इथे आलेल्या गाडीला ब्रिटिश नंबर कधी लागलाच नव्हता. तिच्यासाठी स्वान्सीला पत्र पाठवण्यात अर्थ नाही. तिचा माग कारखान्याच्या रवानगीच्या वहीत लागतो. १९४६साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात अशा बऱ्याच वह्या आहेत. विचारताना दोन्ही नंबर सगळ्या अक्षरांसकट, स्वच्छ फोटोसह पाठवा. पुढची अक्षरं गाळणं ही आरटीओच्या कारकुनांची जुनी सवय, त्यामुळे आरसी बुकावरून उतरवून घेऊ नका, लोखंडावरून घ्या. हँडल जिथे फ्रेमला बसतं त्या भागावरच्या नंबरावर रंगाचे थर असतात. ते पॉलिशपेपरने घासू नका, रंग काढायचं द्रव्य वापरा, नाहीतर खरा नंबरही खोटा दिसू लागेल.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, मुदत दहा वर्षांची, आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. आजोबांच्या गाडीचं आरसी बुक कपाटात असेल, तर नव्या पाटीच्या मागे लागण्याआधी ते शोधा.