पडदा काळाच का?

नवा डेस्कटॉप संगणक जुळवला, बटण दाबले, पंखे फिरू लागले. पडदा मात्र काळाच. हप्त्यांवर संगणक घेतलेल्या घरात अशा वेळी सर्वांचे चेहरे उतरतात. परंतु मित्रहो, यंत्र बिघडलेच असे समजण्याची घाई करू नये.

पंखा फिरतो यावरून आत वीज पोहोचली एवढेच कळते. चित्र उमटण्यापूर्वी संगणक प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची स्वतःच तपासणी करतो. पुष्कळ मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए अशा नावांचे बारीक दिवे असतात. जो पेटून राहील, तेथे घोडे अडले आहे.

आधी मॉनिटरची केबल पाहावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावावी. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असतो, त्यातला चित्राचा भाग बंदच असतो. तेथे मदरबोर्डाला केबल कितीही घट्ट खोचा, उपयोग शून्य!

मग वीज पूर्ण तोडून रॅमची पट्टी काढावी व 'खट्' होईपर्यंत दाबून बसवावी. दोन असल्यास एकीवर चालवून पाहावे. डीडीआर ५ रॅम असेल तर पहिल्या वेळी ती जुळवून घेण्यात काही मिनिटेही जातात. उतावीळ माणूस तेवढ्यात बटण दाबून ते काम मोडतो. प्रोसेसरजवळची ८ पिनांची वीजजोडणीही पुष्कळदा राहून जाते.

तरीही अंधारच असेल तर दुकानदाराला कोणता दिवा पेटतो ते सांगावे. नुसते 'चालत नाही' म्हटले, की तो काय काय बदलायला सांगेल याचा नेम नाही.