रेल्वे चुकली की मतं राखली?

आधुनिक रेल्वेच्या दोनशे वर्षांचा उत्सव ब्रिटनने २०२५मध्ये वर्षभर साजरा केला आणि रेल्वेने कोणकोणती गावं घडवली याच्या याद्या सगळीकडे झळकल्या. रेल्वे चुकल्याने ‘वाचलेल्या’ गावांमध्ये हमखास नाव येतं ते लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्डचं. वेलंड नदीकाठचं हे बाजारपेठेचं जुनं गाव. मधाळ रंगाच्या चुनखडी दगडाची घरं, पाच मध्ययुगीन चर्च, लोकरीच्या व्यापारातून गब्बर झालेल्या विल्यम ब्राउनने पंधराव्या शतकात बांधलेला वृद्धाश्रम. २००५च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ चित्रपटाला इथे फारसा सेट उभारावा लागला नाही. हे सगळं टिकलं कसं? गावची आवडती कथा अशी: शेजारच्या बर्ली हाउसचे मालक लॉर्ड एक्सेटर यांना रेल्वेचा तिटकारा, म्हणून त्यांनी लंडन–यॉर्क मार्ग पीटरबरोकडे वळवायला लावला. गाव मागे पडलं आणि म्हणूनच देखणं राहिलं.

कथा झकास आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. मिडलँड कंपनीची गाडी स्टॅमफर्डला १८४६मध्येच आली होती. पुढे मुख्य मार्गावरच्या एसेंडाइनपर्यंत जोडमार्ग हवा म्हणून जी छोटी कंपनी निघाली, तिच्यामागे पैसा आणि पाठबळ याच लॉर्डसाहेबांचं होतं. ती लाइन १८५६मध्ये सुरू झाली. रेल्वेद्वेष्टा माणूस स्वतःच्या खिशातून रूळ टाकत नाही. मुख्य मार्ग हुकल्याचा फटका बसला हे मात्र खरं. ग्रेट नॉर्थ रोडवरच्या घोडागाड्यांवर जगणारं हे गाव. इथल्या ‘जॉर्ज’ खाणावळीत लंडनच्या आणि यॉर्कच्या प्रवाशांसाठी वेगवेगळ्या खोल्या होत्या. दारांवरच्या त्या पाट्या अजून दाखवतात. मुख्य मार्गाने गाड्या धावू लागल्या आणि ही वर्दळ आटली. पण धंदा बसणं वेगळं आणि गावाची वाढच थांबणं वेगळं.

वाढ अडली ती जमिनीपाशी. गावाच्या उत्तरेची शेतं सामायिक वहिवाटीची. त्यांची वाटणी होऊन खासगी मालकी येईपर्यंत तिथे घर बांधता येत नव्हतं. इंग्लंडभर अशा वाटण्या कधीच उरकल्या होत्या. स्टॅमफर्डमध्ये मात्र १८७०चं दशक उजाडावं लागलं. कारण राजकीय होतं. संसदेतल्या गावच्या जागा म्हणजे लॉर्ड एक्सेटर यांच्या सेसिल घराण्याची जहागीर, आणि गावातली कितीतरी घरं त्यांच्याच मालकीची. विरोधात मत देणाऱ्या भाडेकरूवर घर खाली करण्याची पाळी येई. १८३१मध्ये कवी टेनिसनचे काका चार्ल्स टेनिसन एका जागेवर निवडून आले, तर त्यांच्यात आणि लॉर्ड थॉमस सेसिलमध्ये चक्क पिस्तुलांचं द्वंद्व झालं. अशा ठिकाणी नवी घरं म्हणजे आपल्या मुठीत नसलेले नवे मतदार. पुढे पंतप्रधान झालेले लॉर्ड सॉल्झबरी १८५३पासून पंधरा वर्षं इथले खासदार होते आणि एकदाही त्यांना लढत द्यावी लागली नाही. १८६६–६७मध्ये भारतमंत्री म्हणून आपल्या देशाचा कारभार पाहणारा गृहस्थ असा बिनविरोध आलेला होता.

यावर आक्षेप येईल की मुख्य रेल्वेमार्गाशिवाय कारखाने आले नसते, मग शेतं मोकळी होऊनही काय फरक पडला असता? पण ब्लॅकस्टोनचा इंजिन कारखाना याच गावात वाढला. उद्योगाला इथे मज्जाव नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कारण काहीही असो, गाव सुंदर राहिलं ना? राहिलं, पण त्याची किंमत जुन्या गावठाणातच दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांनी मोजली. शिवाय पुढचं श्रेय सरंजामदारांचं नाहीच. १९६०मध्ये बाह्यवळण रस्ता झाला, महामार्गाची वाहतूक गल्ल्यांतून हटली. १९६७मध्ये स्टॅमफर्ड इंग्लंडमधलं पहिलं वारसा-संवर्धन क्षेत्र ठरलं. सहाशेहून अधिक संरक्षित इमारती आज उभ्या आहेत त्या कायदा आणि नियोजनामुळे. ‘विकास आला नाही म्हणून वारसा वाचला’ हे सूत्र आपल्याकडेही वाडे आणि पेठांच्या चर्चेत सर्रास ऐकू येतं. ते मांडणाऱ्याला आधी विचारावं: विकास कोणी अडवला, आणि कोणाच्या फायद्यासाठी?