इंग्रजी शिकताय? यादी नको, प्रसंग धरा!

शब्द पाठ होतात, पण ऐनवेळी जिभेवर येत नाहीत, ही अनेक गृहिणींची तक्रार. रायपूरच्या मराठी घरांना मात्र यावरचा उपाय ठाऊक आहे. तो इंग्रजीसाठी वापरायचा तेवढा राहून गेला आहे.

पुण्याकडून लग्न होऊन रायपूरच्या तेलीबांध्यात आलेली मराठी मुलगी पहिल्यांदा भाजी घ्यायला जाते, तेव्हा 'पताल' या शब्दाने चक्रावते. भाजीवाली लालबुंद टोमॅटो पुढे करते आणि अर्थ उमगतो. त्याच फेरीत 'गोंदली' म्हणजे कांदा आणि 'भांटा' म्हणजे वांगं हेही कळतं. वही नाही, पाठांतर नाही, तरी महिनाभरात ती या शब्दांनी भाव करू लागते. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हेही तिला शब्दकोशाने नव्हे, शेजारणींनी शिकवलेलं असतं.

रायपुरात हे नवं नाही. हा भाग एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात. त्यामुळे मराठी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, घरात मराठी आणि बाहेर हिंदी असा संसार करत. माधवराव सप्रे यांनी तर १९०० मध्ये पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं आणि पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं.

मग दोन-तीन भाषा सहज बोलणारी हीच गृहिणी इंग्रजीपुढे का अडखळते? मुलाच्या शाळेत पालकसभा असली की 'तुम्हीच जा' म्हणून नवऱ्याला का पुढे करते? कारण बहुधा एकच. बाकीच्या भाषा ती प्रसंगातून शिकली आणि इंग्रजी मात्र यादीतून शिकायला बसली.

'लावणे'ला इंग्रजीत काय म्हणतात?

या प्रश्नाला एक उत्तर नाही. आपण दार लावतो, टीव्ही लावतो, मलम लावतो, गजर लावतो आणि अंगणात तुळसही लावतो. इंग्रजीत दार 'शट' करतात, टीव्ही 'टर्न ऑन' करतात, मलम 'अप्लाय' करतात, गजर 'सेट' करतात आणि रोप 'प्लांट' करतात. 'लावणे'समोर एकच इंग्रजी शब्द लिहून पाठ केला, तर पाचांपैकी चार ठिकाणी फसगत ठरलेली. उलट 'शट द डोअर' असं अख्खं वाक्य दार लावतानाच चार वेळा म्हटलं, तर शब्द आणि त्याची जागा दोन्ही एकदम बसतात.

दुखण्याखुपण्याचंही तसंच. 'माझं डोकं दुखतंय' याचं शब्दाला शब्द लावून 'माय हेड इज पेनिंग' होतं. इंग्रज मात्र 'आय हॅव अ हेडेक' म्हणतो. सर्दी झाली, तर 'आय हॅव अ कोल्ड'. हे असंच का, याची चर्चा करत बसण्यापेक्षा वाक्य उचलावं आणि वापरावं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचंही बळ सुट्या शब्दांत नव्हतं, तर भाषांतर करायला दिलेल्या वाक्यांत होतं.

थोडे शब्द, पण पुन्हा पुन्हा

शब्द किती हवेत, याचाही बाऊ नको. अविभाजित बंगालमध्ये ढाक्याला इंग्रजी शिकवलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नेहमी लागणाऱ्या सुमारे २,००० शब्दांची सूची प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरात दर १० शब्दांतले सुमारे ८ या सूचीतलेच सापडतात. 'फ्रिज', 'डॉक्टर', 'तिकीट', 'बिल' असे किती तरी इंग्रजी शब्द तर आपल्या घरातच नांदत आहेत.

विसरण्याचं म्हणाल, तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच ते तपासून पाहिलं होतं. अर्थ नसलेली अक्षरं त्यांनी स्वतः पाठ केली. त्यांना आढळलं की, सर्वाधिक विसर पहिल्या काही तासांतच पडतो, पण मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन उजळणी केली की स्मरण टिकतं. म्हणून रविवारी एकदम ५० शब्द घोकण्यापेक्षा रोजची ५ वाक्यं बरी. ती सकाळी म्हणावीत, रात्री आठवावीत आणि दोन दिवसांनी पुन्हा वापरावीत.

एका आठवड्याला एक प्रसंग

पहिला आठवडा औषधांचा. घरातल्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं समोर घ्या. 'शेक वेल बिफोर यूज' म्हणजे वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा, 'आफ्टर मील्स' म्हणजे जेवणानंतर, 'एक्स्पायरी डेट' म्हणजे औषध वापरण्याची शेवटची तारीख. हे इंग्रजी नुसतं मिरवण्याचं नाही, घरच्यांच्या तब्येतीशी त्याची गाठ आहे.

दुसरा आठवडा रस्त्याचा. संध्याकाळी तेलीबांधा तलावाकाठी, मरीन ड्राइव्हवर फिरायला निघालात की वाटेवरच्या पाट्या वाचा. 'नो पार्किंग', 'पुश', 'पुल', 'क्लोज्ड ऑन संडे' यांचा अर्थ ती जागाच सांगते. ज्याला सगळे जी. ई. रोड म्हणतात, तो ग्रेट ईस्टर्न रोड आहे, हे मुलांना सांगा. तीही चार पाट्या दाखवतील.

तिसरा आठवडा पालकसभेचा. 'हाऊ इज ही डुइंग इन मॅथ्स?' म्हणजे गणितात त्याचं कसं चाललंय? मुलीबद्दल विचारताना 'ही'च्या जागी 'शी' म्हणावं. 'व्हॉट शुड वुई डू अ‍ॅट होम?' म्हणजे आम्ही घरी काय करावं? आणि सगळ्यांत उपयोगाचं वाक्य, 'कुड यू प्लीज से दॅट अगेन?' म्हणजे पुन्हा एकदा सांगाल का?

हसतील त्याचं काय?

गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' या २०१२ च्या चित्रपटात श्रीदेवीने साकारलेली शशी गोडबोले लाडू करण्यात तरबेज, पण इंग्रजी येत नाही म्हणून घरातच तिची थट्टा होते. न्यूयॉर्कला गेल्यावर साधी कॉफी मागताना तिची त्रेधा उडते. मग ती चार आठवड्यांच्या वर्गात नाव घालते. तो चित्रपट इतक्या जणींना आपला वाटला, कारण खरा सल इंग्रजी न येण्याचा नसतो, आपल्याच माणसांनी हसण्याचा असतो.

म्हणून घरच्यांनी एक पथ्य पाळावं. आई इंग्रजी बोलत असताना मध्येच चूक काढू नये. तिचं वाक्य पुरं होऊ द्यावं, मग तेच बरोबर म्हणून दाखवावं. छत्तीसगढ सरकारने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. ज्या घरांत आधी कोणी इंग्रजीत शिकलं नव्हतं, तिथलीही मुलं आज इंग्रजी पुस्तकं घेऊन बसतात. अशा वेळी आईने मुलाला 'हे वाक्य मला शिकव' म्हणण्यात काही कमीपणा नाही. शिकवताना त्याचाही धडा पक्का होतो.

पुढच्या पालकसभेला अजून दिवस असतील. तोवर पहिला आठवडा तरी पुरा करावा. औषधाची बाटली घरात आहेच.