बरे वाटू लागले, तरी गोळी का थांबवायची नाही?

दिवाळी जवळ आली की सुरतेतील हिऱ्यांचे कारखाने बंद होतात, यंत्रमागांचा खडखडाट मंदावतो आणि रेल्वे स्थानकावर गावी निघालेल्या कामगारांची गर्दी उसळते. कोणी सौराष्ट्रात, कोणी धुळे-नंदुरबारकडे, तर कोणी थेट ओडिशातील गंजाम जिल्ह्यात जातो. यांपैकी काहींच्या सामानात एचआयव्हीवरील गोळ्यांची बाटली असते. काहींच्या सामानात ती असायला हवी, पण नसते. वजन वाढलेले असते, ताप-खोकला थांबलेला असतो, रक्तात विषाणू आढळत नसल्याचा अहवालही हाती आलेला असतो. मग घरच्यांच्या देखत ती बाटली कशाला उघडायची, असे वाटते. हे वाटणे स्वाभाविक असले, तरी ते कुठे चुकते हे कळण्यासाठी शरीरातील टी पेशींचे कामकाज समजून घ्यावे लागते.

टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार. त्यांतील सीडी८ पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी हुडकून नष्ट करतात. सीडी४ पेशी स्वतः फारशा लढत नाहीत; त्या इतरांना कामाला लावतात. प्रतिपिंडे कोणी बनवायची, मारेकरी पेशींनी किती संख्येने वाढायचे, हे त्यांच्या इशाऱ्यावर ठरते. एचआयव्ही नेमका या सूत्रधारावरच घाला घालतो. सीडी४ पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून तो आत शिरतो आणि आपली जनुकीय माहिती तिच्या गुणसूत्रात कायमची गुंफतो. ती पेशी मग नवे विषाणू तयार करणारा कारखाना बनते.

शरीर हे मुकाट्याने सोसत नाही. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणूंची संख्या प्रचंड वाढते, आतड्यांच्या अस्तरातील सीडी४ पेशींचा मोठा हिस्सा नष्ट होतो. पण त्याच सुमारास सीडी८ पेशींची फौज उभी राहते आणि विषाणू बराच खाली दाबला जातो. ताप उतरतो, माणूस कामावर जाऊ लागतो. औषधाविना पुढची आठ-दहा वर्षे अशीच जाऊ शकतात. वरून शांत दिसणाऱ्या या काळात आत मात्र रोज झुंज चालू असते. सीडी८ पेशी विषाणूचा जो तुकडा ओळखतात, तोच तुकडा विषाणू बदलून टाकतो. सतत लढून या पेशी थकतात; त्यांच्यावर पीडी-१ नावाचा जणू ब्रेक लागतो, हे २००६ मध्ये दिसून आले. शिवाय मरणाऱ्या सर्वच सीडी४ पेशींत विषाणूची वाढ पूर्ण होत नाही. अर्धवट संसर्गाच्या दाहानेच अनेक पेशी जळून जातात, असे प्रयोगांतून दिसते. औषधाविना विषाणूला दीर्घकाळ काबूत ठेवणारे लोक आहेत, पण शंभरात एकही भरणार नाही इतके विरळ.

निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. त्या २००च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जिवावर उठतात. क्षयरोग मात्र तेवढीही वाट पाहत नाही. बारा-बारा तासांची पाळी आणि एका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे असलेल्या गिरणगावात ही बाब विशेष गंभीर ठरते.

आता गोळीचा प्रश्न. सध्या तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी रोज घेतली की विषाणूची वाढ थांबते आणि सीडी४ पेशी पुन्हा भरून येऊ लागतात. परंतु टी पेशींचा एक गुण इथे आड येतो. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, कारण काही टी पेशी त्याची आठवण ठेवून वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. विषाणूचे जनुक अशाच स्मृतिपेशींमध्ये लपते. झोपलेली पेशी विषाणू बनवत नाही. म्हणून औषध तिच्यापर्यंत पोहोचूनही निरुपयोगी ठरते आणि सीडी८ पेशींना ती दिसत नाही. १९९७ मध्ये हा साठा उपचार घेणाऱ्या रुग्णांत सापडला. केवळ गोळ्यांनी तो संपायला साठ वर्षांहून अधिक काळ लागेल, असा हिशेब पुढे मांडला गेला. गोळी बंद होताच यातील एखादी पेशी जागी होते आणि बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू परततो. म्हणजे गावची सुट्टी संपण्याच्या सुमारास.

सीडी४ वाढल्यावर औषध थांबवून पाहण्याचा प्रयोग शास्त्रज्ञांनीही केला होता. ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,४७२ जण सहभागी होते. औषध थांबवणाऱ्या गटात आजार आणि मृत्यू जास्त झाल्याने २००६ मध्ये नवी भरती थांबवावी लागली.

गैरसमजाला जुने नियमही काहीसे कारणीभूत आहेत. भारतात २००४ मध्ये मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा सीडी४ २००च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. पुढे ही मर्यादा ३५०, मग ५०० झाली. साहजिकच ‘आकडा चांगला, तर औषध नको’ हे समीकरण अनेकांच्या मनात रुजले. एप्रिल २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला आकडा न पाहता उपचार दिले जातात.

तरीही गोळी सुटते ती बहुधा अज्ञानाने नव्हे, भीतीने. गोमंतकीयांना ही भीती नवी नाही. १९८९ मध्ये म्हापशात डॉम्निक डिसोझा यांना केवळ बाधित असल्याच्या कारणावरून ६४ दिवस कोंडून ठेवले होते. २०१७च्या कायद्याने बाधिताची माहिती उघड करण्यास आणि त्याला नोकरीवरून काढण्यास मनाई केली आहे. सुरतच्या दहा जणांच्या खोलीत हा कायदा कितपत शिरला, हा वेगळा प्रश्न.

व्यवहारात मार्ग सोपा आहे. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम अधिक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे, आणि मुक्काम हलला तर दुसऱ्या राज्यातील एआरटी केंद्रात नोंद वर्ग करता येते. सुरतच्या न्यू सिव्हिल इस्पितळाप्रमाणेच बांबोळीच्या गोमेकॉतही हे उपचार मोफत मिळतात. गोव्यातील ट्रॉलरवर काम करणाऱ्या परप्रांतीय खलाशांनाही हेच लागू आहे. गावी निघण्यापूर्वी केंद्रावर तारीख सांगावी. मध्ये खंड पडलाच असेल, तर तो लपवू नये, कारण खंडाच्या काळात विषाणू औषधाला दाद न देणारे रूप घेऊ शकतो.