सेंटरपिन रीळ : रंग नको, बेअरिंग बघा

पेडण्यातल्या तेरेखोल आणि शापोरा नद्यांत भरतीचं खारं पाणी बरंच आत चढतं. म्हणून बुचाच्या गरीसाठी इथे सेंटरपिन रीळ घ्यायचं तर आधी गंजाचा विचार करा, मग किमतीचा. रचना अगदी साधी : आसावर मोकळं फिरणारं चाक, गिअर नाहीत. ओहोटीची ओढ बूच पुढे नेते, चाक तंगूस सोडत राहतं आणि ब्रेक म्हणजे आपला अंगठा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या ट्रेंट नदीवर 19व्या शतकात लाकडी चाकांवर हीच मासेमारी चाले.

दुकानात चाकाला हलकी टिचकी मारा. ते खरखर न करता बराच वेळ फिरलं, कडेला डुगडुगलं नाही, तर स्वस्तातलंही बिनधास्त घ्या. व्यास चार ते साडेचार इंच असावा. लहान चाकावर तंगूस गुंडाळताना हात भरून येतो. चकचकीत रंगापेक्षा स्टेनलेस बेअरिंगवर पैसे घाला. चाक पटकन निघणारं हवंच, कारण घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा थेंब द्यावा लागतो. डिचोलीत, वाळवंटीच्या वरच्या गोड्या पाण्यात, साधं बुशचं चाकही चालतं.