मोटारीच्या केबलचे ७० अंश

जयसिंगपूर भागात नदीवरून उसाला पाणी देणारे मोटारपंप पुष्कळ आहेत. त्यांच्या केबलवरील साधे पी.व्ही.सी. आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. हे तापमान हवेचे नव्हे, आतील तारेचे. उन्हाळ्यात हवाच ४० अंश असली, तर प्रवाहाच्या उष्णतेला ३० अंश उरतात. व्होल्टेज कमी मिळाल्यास मोटार जादा अँपिअर ओढते, तार तापते, आवरण मऊ पडते व कालांतराने ठिसूळ होऊन तडकते. ओल्या काठावर अशी केबल जिवावर बेतते. उरलेल्या केबलचे वेटोळे तर ठेवूच नये. आतली उष्णता कोंडते.

चाचणीत आवरणाचे तुकडे कित्येक दिवस तापवून, ताणून पाहतात. म्हणून आय.एस. ६९४ क्रमांक व आय.एस.आय. चिन्ह पाहूनच केबल घ्यावी. स्टार्टरचे सैल स्क्रू मेन स्विच बंद करून आवळावेत.